चमच्यातला 'चा': वाचनवर्गाच्या प्रकल्प नोंदी

२ जुलै

नऊ मुलं, तिसरी-चौथीतली. प्रत्येकाच्या नावापुढे वर्गाच्या बाईंनी एकच शेरा दिलाय: 'अक्षरे येतात, वाचन येत नाही.' बाराखडी म्हणून घेतली, कुणी अडखळलं नाही. जोडाक्षरंही बऱ्यापैकी. मग फळ्यावर वाक्य लिहिलं, 'माकडाच्या पिल्लाने देवळाच्या भिंतीवरून उडी मारली.' सुरुवात झाली: मा, क, डा, च्या. श्वास. पि, ल्ला, ने. श्वास. 'मारली'पर्यंत पोचेतो माकड कुठल्या कुठे गेलं होतं. उडी कुणी मारली, असं विचारलं तर उत्तर आलं, "भिंतीने."

अक्षरं ओळखता येतात, पण त्यांच्यातून शब्द उभा राहत नाही. 'माकडाच्या'मध्ये मुलांना चार अक्षरं दिसतात. मला त्यात दोन तुकडे दिसतात आणि त्यातला दुसरा मी खरं तर वाचतही नाही, तो आपोआप उमगतो. या अडीच महिन्यांत तेवढंच करायचं: शब्दाचे सांधे दाखवायचे. 'व्याकरण' हा शब्द वर्गात काढायचा नाही.

घरच्या भाषा: हिंदी तीन, उर्दू दोन, तेलुगू दोन, कन्नड एक, गुजराती एक. मराठी सगळे बोलतात, पण कुणाच्याच घरी ती बोलली जात नाही.

४ जुलै

जीन बर्को यांनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना 'वग' नावाच्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, मग तसेच दोन दाखवले आणि वाक्य अर्धवट सोडलं. मुलांनी पटकन 'वग्ज' म्हटलं. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच येत नाही. नियम डोक्यात असल्याशिवाय हे उत्तर येऊ शकत नाही.

मीही एक प्राणी काढला. गोल पोट, तीन पाय. "हा झुमा. आणि हे दोन...?"

हिंदी-उर्दूवाले एका सुरात "झुमे!" म्हणाले. त्यांचा आणि मराठीचा नियम इथे एकच. तेलुगू घरातली थोरली "झुमालु" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिचं ऐकून कन्नड मुलाने मुद्दाम "झुमागळु" असं खणखणीत सांगितलं. गुजराती मुलगा मात्र पहिल्याच चित्रापाशी थांबलेला. म्हणाला, "ताई, झुमा म्हटलं तर हे आधीच जास्त पाहिजेत. एकच कसा काढला?"

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. त्याच्या घरी एक असतो तो घोडो आणि अनेक असतात ते घोडा. त्याच्या हिशेबाने माझ्या एकट्या प्राण्याचं नाव झुमो हवं होतं.

मग दुसरी परीक्षा घेतली. "मी ____ला पाणी दिलं." बहुतेकांनी 'झुमाला' केलं. 'झुम्याला' एकटीनेच, उर्दू बोलणाऱ्या मुलीने. हिंदीवाल्या दोघांनी 'झुमेला' म्हटलं. हे 'झुमेला' मी वहीत चौकटीत लिहून ठेवलंय. हिंदीत 'घोड़ा'चं 'घोड़े को' होतं, तसं त्यांनी झुमाचं झुमे केलं आणि पुढे मराठी 'ला' जोडला. दोन बरोबर गोष्टी मिळून एक चूक झाली. याला मी लाल खूण करणार नाही.

९ जुलै

पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. पांढऱ्यावर मूळ शब्द, पिवळ्यावर ला, ने, त, चा, ची, चे, हून, वर, खाली, मागे. सोपे शब्द घेतले: घर, दगड, झाड.

पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांची गाडी 'घरत'वर अडकली. बोलताना एकही मूल 'घरत' म्हणत नाही, पण पट्ट्या हातात आल्या की तोंडातली मराठी जणू विसरली जाते. मी 'आ'ची वेगळी चिमुकली पट्टी देणार, एवढ्यात कन्नड मुलगा म्हणाला, "आमच्याकडे पण मध्ये काहीतरी येतं." मने म्हणजे घर आणि घरात म्हणजे मनेयल्लि. मधला 'य' त्याने हवेत बोटाने काढून दाखवला. सगळ्यांना तो 'य' आधी पटला आणि मग 'घरात'मधला काना. माझ्या चिमुकल्या पट्टीला 'मधला माणूस' असं नाव पडलं.

हिंदीवाली मुलं घर आणि त यांच्यामध्ये बोटभर जागा सोडतात. 'घर में' सुटं लिहायची सवय. पण हिंदीतही 'उसने', 'मुझको' जोडूनच लिहितात, हे दाखवल्यावर त्यांनी पट्ट्या सरकवल्या.

सांधा दाखवायला आम्ही बारीक उभी रेघ मारतो. प्राचीन काळी शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ केला, म्हणजे ऋचांमधले शब्द सुटे करून मांडले, तेव्हा जोडशब्दांत अवग्रह ही तोडणारी खूण टाकून हेच केलं होतं. पुठ्ठा सोडला तर माझ्या पद्धतीत नवं काही नाही.

११ जुलै

'पाणी'ने घात केला. पाणी + त. मधला माणूस घातला तरी 'पाणीआत' होतं. नुसत्या चिकटवण्याने इथे भागत नाही, मूळ शब्दच रूप बदलतो. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. हे नाव ऐकून कुठलंही मूल पळून जाईल.

पट्टीला घडी घालून बघितली. वरून 'पाणी' दिसतं, शेवटचं अक्षर दुमडलं की खालून 'ण्या' बाहेर येतं. पाऊस दुमडला की पावसा, देऊळ दुमडलं की देवळा, शाळा दुमडली की शाळे. मुलांना वाटलं ही जादू आहे. मग 'शब्द का दुमडतो' असं विचारत बसली आणि मला धड उत्तर देता येईना. "ओझं घेताना आपण वाकतो ना, तसं," असं काहीतरी म्हणाले. फार बरं उत्तर नव्हतं.

त्यानंतर जे झालं त्यासाठी आजचा तास लक्षात राहील. तेलुगू थोरली बराच वेळ ओठ हलवत बसली होती. एकदम म्हणाली, "ताई, इल्लु म्हणजे घर. पण घरात म्हणजे इंट्लो." पुन्हा स्वतःशीच: इल्लु, इंट्लो. "यात इल्लु कुठे आहे?" ती हा शब्द रोज वापरते. त्यातलं घर हरवलंय हे तिच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. मी पांढरी पट्टी दिली. तिने वर देवनागरीत 'इल्लु' लिहिलं, घडीखाली 'इंटि' आणि तिला 'लो'ची पिवळी पट्टी करून जोडली. मग शेजारच्या हिंदीवाल्याने 'लड़का' दुमडून 'लड़के' केला.

घडीच्या पट्ट्या आता तीन भाषांत आहेत. हे माझ्या योजनेत नव्हतं.

१६ जुलै

वर्गाच्या बाई बघायला आल्या होत्या. तास झाल्यावर म्हणाल्या, "अहो ताई, आधी अक्षरं पक्की होऊ द्या की. वाचता येत नाही त्यांना प्रत्यय कसले शिकवता?" बाईंचा अनुभव माझ्या दुप्पट आहे, त्यामुळे लगेच 'तसं नाही हो' म्हणणं जिवावर आलं. पण तसं नाहीच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर २००७ मध्ये लिहिलंय की आपल्यासारख्या लिप्यांत अक्षरांचा संच एवढा मोठा असतो की तो पूर्ण पक्का व्हायला प्राथमिकची बरीच वर्षं जातात. अक्षरं संपल्यावर शब्दाकडे वळू म्हटलं तर ही मुलं पाचवीत जातील.

बाईंना पटवलं ते मात्र शुद्धलेखनाने. 'फूल'ची घडी दाखवली: वर दीर्घ ऊ, दुमडल्यावर 'फुला', ह्रस्व. मूल-मुलाला, वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला. १९६२च्या लेखननियमांतला हा नियम त्या दर वर्षी फळ्यावर लिहून देतात आणि दर वर्षी वह्यांमध्ये 'फूलाला' बघतात. त्यांनी दोन पट्ट्या मागून नेल्या.

जाता जाता दाराशी एकाने विचारलं, "मग शरीरचं शरिराला?" नाही, शरीराला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना ही घडी लागू नाही. 'तत्सम' न म्हणता हे कसं सांगायचं? तूर्तास 'काही शब्द वाकत नाहीत, ताठ असतात' एवढ्यावर भागवलंय.

१८ जुलै

कापायचा नाद लागला आहे. गेल्या आठवड्यापर्यंत मला हेच हवं होतं, आज डोक्याला हात लावून बसले. गोष्टीच्या पुस्तकातले शब्द कापून आणा म्हटलं होतं. आले ते असे:

हा | त
बे | डूक
अ | जगर
चम | चा

'अ म्हणजे नाही, मग अजगर म्हणजे जगर नसलेला.' जगर काय असतं? 'ते माहीत नाही, पण याच्याकडे नाही.'

२३ जुलै

पूर्ण तास चमच्यावर.

मी घरून चाचणी तयार करून नेली होती: कापून उरलेला तुकडा एकटा वाक्यात उभा राहतो का? 'चम' उभा राहत नाही, म्हणून चमचा कापायचा नाही. सोपं. पण गुजराती मुलाने लगेच 'शाळेत' पुढे केलं. "शाळे पण एकटं उभं राहत नाही." बरोबर आहे. घडी घातलेला कुठलाच तुकडा एकटा उभा राहत नाही. माझी चाचणी माझ्याच पट्ट्यांनी पाडली.

मग प्रश्न बदलला: उरलेला तुकडा कुणाचा? 'शाळे' शाळेचा, 'पाण्या' पाण्याचा, 'देवळा' देवळाचा. 'चम' कुणाचा? कुणाचाच नाही. वर्ग पटल्यासारखा दिसला. पण ज्याने चमचा कापला होता तो हार मानायला तयार नाही. तो उठून फळ्याशी आला आणि लिहिलं:

घराचा – घराच्या
चमचा – चमच्या

"बघा ताई. घराचा चा बदलतो, हापण तसाच बदलतो. म्हणजे तोच चा आहे."

खरं सांगायचं तर मी अडकले. पुरावा चोख होता. आकारान्त पुल्लिंगी नाम आणि 'चा' प्रत्यय दोघंही दुमडताना 'या'च घेतात, हे मला माहीत आहे. पण ते या वयाला सांगणार कसं? मी खडू घेऊन उभी असताना मागून हिंदीवाली मुलगी म्हणाली, "पर हमारे यहाँ तो चम्मच है. चा है ही नहीं."

शांतता. मग गुजराती: आमच्याकडे चमचो. कन्नड: चमच. तेलुगू: चेंचा. फळ्यावर पाच भाषांतले पाच चमचे. शेवट सगळीकडे सारखा नाही, आणि कुठेही 'चमचं काहीतरी' असा अर्थ नाही. चमचा कापणाऱ्याने स्वतः डस्टर घेऊन मधली रेघ पुसली.

एका भाषेच्या मुलांचा वर्ग असता तर हा वाद मी 'मी सांगते म्हणून' असं म्हणून मिटवला असता.

आता नियम असा: तुकडा कुणाचा ते सांगा आणि कापलेला शेपटा त्याच अर्थाने आणखी दोन शब्दांत दाखवा. अडलं तर घरच्या भाषेला विचारा.

३० जुलै

'ला'. मुलांनी आणलेले: आईला, पडला, बाळाला, रडला, दगडाला, वाचला. मी काही न सांगता दोन डबे ठेवले आणि वाटायला सांगितलं. तेलुगू धाकटीने नियम काढला: "कुणाला असं विचारता आलं तर या डब्यात, काय केलं असं विचारता आलं तर त्या डब्यात." मी याहून चांगलं सांगू शकले नसते.

मग कुणीतरी 'पहिला' आणला. पाठोपाठ 'चांगला', 'आपला'. तिसरा डबा आणला आणि त्यावर प्रश्नचिन्ह काढलं. तो डबा तसाच राहू दे.

१ ऑगस्ट

चार जणच आले. पट्ट्या सुटल्या होत्या त्या चिकटवत बसलो.

६ ऑगस्ट

आज उर्दूचा दिवस होता, हे तास सुरू झाल्यावर कळलं. पुढे लागणारे तुकडे काढले होते: बे, गैर, ना. 'गैरहजर' हजेरीमुळे सगळ्यांना माहीत, पण तो दोन तुकड्यांचा शब्द आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन उर्दूवाल्यांपैकी जो सहसा बोलतच नाही, त्याने एकामागून एक काढायला सुरुवात केली: ग़ैरहाज़िर, नापसंद, बेक़ायदा. प्रत्येकाला त्याच्या शेजारचा मराठी जोडीदार मी लिहीत गेले: गैरहजर, नापसंत, बेकायदा. फारसीतून आलेली ही सगळी मंडळी मराठीत इतकी मुरलीत की 'गैरसमज'मध्ये त्यांनी मराठी 'समज'शी घरोबा केला. तिथे तो थांबला. "हमारे यहाँ ग़लतफ़हमी बोलते हैं." मग त्यानेच विचारलं, "तुमचा गैरसमज कुणी बनवला?"

शेवटी 'बेजबाबदार' लिहिला. बे | जबाब | दार. हा शब्द याच मुलांना किती वेळा ऐकावा लागला असेल, कोण जाणे. आज तो त्यांनी उघडून बघितला. तेलुगू थोरली म्हणाली, "जबाबाचं दार." तिला 'दार' म्हणजे उघडायचं दार तेवढं माहीत. चूक आहे, हे वजनदार आणि चौकीदार शेजारी ठेवून लगेच दाखवता आलं: वजनाचं दार नसतं, चौकीचं असतं पण तो माणूस असतो. तरी 'जबाबाचं दार' मला सोडवेना. भिंतीवर तिच्या अक्षरात लावून ठेवलंय, खाली बारीक 'हे खरं नाही' असं लिहून.

जुना बेडूकही आज निकाली निघाला. "डूक कुणाचा?" "कुणाचाच नाही." वर्ग आता एकमेकांना हा प्रश्न स्वतःच विचारतो.

१३ ऑगस्ट

वाचनाचं वाक्य: 'राजाने चोराला शिक्षा दिली.' हिंदीवाल्याने अडखळल्याशिवाय, अगदी लयीत वाचलं. मला आनंद झाला. काय झालं ते सांग म्हटलं तर म्हणाला, "राजाने चोराला शाळेत घातलं."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तेलुगूत शिक्ष आणि कन्नडमध्ये शिक्षे म्हणजे मात्र दंडच, म्हणून त्या तिघांना वाक्य बरोबर कळलं. एरवी हिंदीवाले मराठीच्या जवळचे म्हणून पुढे असतात, आज लांबच्या भाषांनी बाजी मारली.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. सुरळीत वाचलं म्हणजे समजलं, असं मी क्षणभर धरून चालले होते. तो सांगता झाला नसता तर मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली असती.

शब्द तसाच उघडला: शिक्षा, शिक्षक, शिक्षण. 'शिक्षक म्हणजे शिक्षा देणारा' हे कुठल्याही भाषेतून बघितलं तरी खरं ठरतं, असं सर्वानुमते ठरलं. मी हरकत घेतली नाही.

२० ऑगस्ट

शब्दांची घराणी. एकच घराणं घेतलं: लेख. लेखक, लेखन, लेखणी, लेखी, उल्लेख, शिलालेख, हस्तलेख, सुलेखन. घरी विचारून या, म्हटलं होतं.

हिंदी-उर्दू: लिखना. गुजराती: लखवुं, लेखक. मराठी 'लिहिणे' त्यातलंच का? 'ख' कुठे गेला? मी मुख आणि मुँह शेजारी लिहिलं आणि 'ख'चा 'ह' होतो म्हटलं. दोघांनी तोंडाने दहा वेळा करून बघितलं, लिखलिखलिख करता करता लिहलिहलिह होतं का ते. झालं.

तेलुगू थोरली खट्टू होऊन आली. आईने सांगितलं की लिहिणं म्हणजे रायडं. त्याचा लेखशी काही संबंध नाही. कन्नड मुलाचंही तेच, त्यांच्याकडे लिहिणं म्हणजे 'बरे'. म्हणजे हे दोघं घराण्याबाहेर. मी सांगणार होते की क्रियापद तुमचं स्वतःचं आहे, पण घराण्यातली काही माणसं तुमच्याकडेही राहायला आलीत. तेवढ्यात कन्नड मुलानेच कंपासपेटीतून पेन काढून वर धरलं: "लेखनि!" मग थोरलीला आठवलं, आजीला येतं ते पत्र म्हणजे लेख. भिंतीवरच्या झाडाला दोन फांद्या वाढल्या.

२७ ऑगस्ट

२ जुलैचं माकडाचं वाक्य पुन्हा वाचून घेतलं. तेव्हाही फोनवर ध्वनिमुद्रण केलं होतं, आताही केलं. किती सेकंद लागले हे मोजण्यापेक्षा मूल थांबतं कुठे, तिथे तिरकी रेघ मारायची असं ठरवलं. एका हिंदीवाल्या मुलीच्या दोन ओळी:

जुलै: मा/क/डा/च्या/ पि/ल्ला/ने/ दे/व/ळा/च्या

ऑगस्ट: माकडा/च्या पिल्ला/ने देवळाच्या भिंती/वरून

अजून थांबते, पण थांबा सांध्यावर आलाय. 'देवळाच्या' तर सलग गेला. वेगाचा आकडा मी कुणाला दाखवणार नाही, या दोन ओळी दाखवेन.

सगळं छान आहे असं नाही. कन्नड मुलगा जुलैपेक्षा हळू वाचतो. प्रत्येक शब्दात सांधा शोधतो, 'उडी' आणि 'मारली'मध्येसुद्धा. त्याला वाचण्यापेक्षा उघडण्याची गोडी लागली आहे. आज त्याला सांगितलं, "डोळ्यांनी काप, तोंडाने कापू नकोस." बघू.

तेलुगू धाकटीच्या दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या आहेत. तिची अक्षरंच कच्ची आहेत, हे मी दोन महिने नजरेआड केलं. डब्यांचा नियम तिने काढला म्हणून मी तिला वाचणाऱ्यांत धरलं होतं. बाई तिच्या बाबतीत बरोबर होत्या. तिला रोज दहा मिनिटं नुसती अक्षरं, बाकी सगळं तोंडी.

३ सप्टेंबर

बाईंसाठी अर्ध्या पानाचं टिपण केलं. त्यात एकच बाहेरचा आधार घेतला: बॉवर्स, कर्बी आणि डीकन यांनी २०१० मध्ये २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शब्दरचना शिकवण्याचा फायदा वाचनात मागे असलेल्या मुलांना अधिक झालेला दिसला, आणि ती वाचनाच्या बाकी शिकवण्यात मिसळली तर जास्त. ते अभ्यास मुख्यतः इंग्रजीतले आहेत. इंग्रजीत घडीच्या पट्टीची गरज फार पडत नाही, मराठीत दर दुसऱ्या शब्दाला पडते. म्हणून तिथलं उचलून इथे लावलं असं म्हणता येणार नाही, हेही लिहिलं.

'प्रत्ययांचा तक्ता द्या' अशी मागणी आली. देणार नाही. तक्ता दिला की तो पाठ होईल.

१० सप्टेंबर

मोठ्या शब्दाची परीक्षा. फळ्यावर एकच शब्द: मुलांबरोबरच्यांनासुद्धा. दहा अक्षरं. जुलैत हा लिहिला असता तर वर्ग रिकामा झाला असता. आज ओरडाच झाला. सुद्धा आधी निघाला, मग ना. 'च्यां'वरचा अनुस्वार कुणाचा यावर भांडण, शेवटी 'ते अनेक आहेत' म्हणून तोडगा. तो खराच. मग 'च्यां' आणि 'बरोबर' सुटले, उरलं मुलां. चमचेवाला म्हणाला, "हे मूल. दुमडलंय आणि जास्त झालंय."

वाचून दाखव म्हटल्यावर त्याने एका दमात वाचला आणि वर म्हणाला, "लांब आहे, पण आत माणसं ओळखीची आहेत."

१७ सप्टेंबर

शेवटचा तास. काही शिकवायचं ठरवलं नव्हतं, प्रत्येकाने आवडीची पट्टी घरी न्यायची एवढंच. गुजराती मुलाने झुमाची मागितली आणि त्यावरच्या कान्याला एक मात्रा दिली: झुमो.

उर्दूवाली मुलगी पट्टी निवडेना. मग कोरी पट्टी घेऊन आली. "ताई, 'मी' दुमडून दाखवा."

मी + ला. मीला? म्याला? पोरं हसली. मला. घडीखाली 'म' लिहिला, पण वेलांटी कुठे गेली हे सांगता येईना. "हमारे में तो और भी गायब होता है," ती म्हणाली. मैं, मुझे. मग सगळ्यांनी आपापला 'मी' तपासायला घेतला. तेलुगू: नेनु, नाकु. कन्नड: नानु, ननगे. गुजराती: हुं, मने. हा शेवटचा बघून त्याला स्वतःलाच धक्का बसला, हुंमधला 'ह'सुद्धा शिल्लक नाही.

पाच ओळी फळ्यावर होत्या. तास संपल्याची घंटा झाली, कुणी उठलं नाही.

"मला दिलं की मी जातो," चमचेवाला म्हणाला. "कुठे जातो?"